वीस सेकंदांचं पाणी

गेल्या वर्षी माझ्या सांगण्यावरून एका मुलीने चुकीचा कॉम्प्युटर घेतला. त्या कॉम्प्युटरवर तिला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची अ‍ॅनिमेशन फिल्म पुरी करायची होती, आणि तिला या कामात नोकरी मिळणार की नाही हे त्या फिल्मवर ठरणार होतं. हे तुम्हा दोघांना फोनवर सांगायला मी दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा तुमची शाळेची वेळ झाली आणि मी विषय सोडला. खरं म्हणजे सुटल्यासारखं वाटलं. म्हणून आता लिहून पाठवते आहे.

ती मुलगी तुमच्या ओळखीची आहे. दोन वर्षांपूर्वी तुम्ही सुट्टीत आजीकडे आला होतात तेव्हा संध्याकाळी आपल्याकडे इंग्रजी वाचायला यायची, तीच. धाकटीला तिने हत्ती काढून दिला होता, दहा-बारा कागदांवर, आणि कागद भरभर उलटले की हत्ती कान हलवायचा. आठवीत असल्यापासून ती माझ्याकडे येते. आपल्या सेक्टरच्या मागे जे जुनं गाव आहे तिथली ही माणसं. आपली सोसायटी, समोरची बाग, बँक, हे सगळं त्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर उभं आहे. तिचे वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारातून ट्रेलर चालवतात. पूर्वी ते आमच्या कारखान्यात माल घेऊन यायचे. मी खरेदी विभागात होते, त्यामुळे गेटवर अडलं की ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. तेव्हापासून मला मॅडम म्हणतात. मी निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी मॅडमच.

फिल्म साडेतीन मिनिटांची होती. तिच्या वडिलांची आई तरुणपणी मिठागरावर कामाला जायची. मुलीला ती आठवते खाटेवर पडलेलीच, पण तिच्या तोंडून ऐकलेलं सगळं मुलीने फिल्ममध्ये घातलं होतं. मिठाने फाटलेले तळवे, संध्याकाळी त्यांना लावायचं तेल, बांधावरून टोपल्या घेऊन चाललेली बायकांची रांग. शेवटी ती बाई एकटीच मिठाच्या वाफ्याच्या कडेला उभी राहते. वाफ्यातलं पाणी अगदी स्थिर आहे आणि त्यात सगळं आभाळ दिसतं आहे. बराच वेळ काहीच होत नाही. मग ती लांब दांड्याचं लाकडी फावडं पाण्यात टाकते, स्वतःकडे ओढते, आणि आभाळ फुटतं. खालून पांढरं मीठ वर येतं. हे दृश्य वीस सेकंदांचं. बाकीची फिल्म म्हणजे या वीस सेकंदांकडे जायचा रस्ता आहे, असं ती म्हणायची.

चित्र कॉम्प्युटरवर तयार झालं की फिल्म झाली, असं मला वाटायचं. तसं नसतं. एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. प्रत्येक चित्रात उजेड कुठून येतो, पाण्यात काय दिसतं, सावली किती गडद पडते, हे मशीनला पहिल्यापासून मोजून काढावं लागतं. त्याला रेंडर करणं म्हणतात. साध्या चित्राला अर्धं मिनिट लागतं, पाण्याच्या चित्राला कितीही. कॉलेजातली चांगली मशीनं चाळीस मुलांत मिळून वापरायची असत. तिच्या वाट्याला आठवड्यातून एक दिवस यायचा. घरच्या लॅपटॉपवर पाण्याचं एक चित्र लावलं की तो पंख्यासारखा घरघरायचा आणि बंद पडायचा.

फिल्म बघायला वर्षाच्या शेवटी शिक्षकांबरोबर दोन स्टुडिओंची माणसं येणार होती. त्यांना जी मुलं आवडतात त्यांना ते पगार देऊन शिकाऊ म्हणून घेतात. नाही घेतलं तर काय, हे घरी ठरलेलं होतं. तिच्या मामाने ऐरोलीच्या एका ऑफिसात शब्द टाकून ठेवला होता. परदेशातल्या लोकांचे विम्याचे कागद तपासायचे, दुसरी पाळी. तिने घरी कबूल केलं होतं की स्टुडिओचं जमलं नाही तर ती निमूटपणे ऐरोलीला जाईल.

दिवाळीत वडील फराळाचा डबा घेऊन आले, आणि डबा टेबलावर ठेवून उभेच राहिले.

"मॅडम, ही मनते मशीन पायजे. मना त्यातला काय कलत नाय. तुमी एवडी वर्सं खरेदी केलीव. तुमी बघा."

किती रकमेपर्यंत, असं मी विचारलं. त्यांनी आकडा सांगितला. ट्रेलर चालवणाऱ्या माणसाच्या घरात एवढं जमायला किती फेऱ्या लागतात याचा मला अंदाज होता. "बघते," मी म्हटलं. मला फार आनंद झाला होता. निवृत्तीनंतर मला कुणी काही विकत घ्यायला सांगितलंच नव्हतं.

मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. आमच्या विभागात वस्तू घ्यायची म्हणजे आधी गरज कागदावर लिहायची, मग तीन ठिकाणचे दर लेखी मागवायचे, मग आडवे-उभे रकाने आखून तक्ता करायचा. आणि दोन नियम कधी मोडायचे नाहीत. पक्कं बिल आणि वॉरंटी नसलेलं घ्यायचं नाही, आणि वापरलेलं घ्यायचं नाही. हा दुसरा नियम मी स्वतः अनुभवाने घट्ट केला होता. एकदा जुना पंप रंग देऊन नवा म्हणून आमच्या गळ्यात मारला होता आणि सहा आठवड्यांत त्याचा दांडा तुटला. साहेबांपुढे मी एकटी उभी होते. त्यानंतर वापरलेल्या वस्तूचं नाव काढलं की माझा हात आपोआप वर जायचा, पुरे म्हणून.

मुलीला मी समोर बसवून गरज लिहून घेतली. ती म्हणाली, "आजी, ग्राफिक कार्ड सगळ्यात महत्त्वाचं, रेंडर तेच करतं. बाकीचं थोडं कमी असलं तरी मी चालवून घेईन." तिने एक कार्ड पाहूनही ठेवलं होतं. ऐरोलीतला एक सॉफ्टवेअरवाला त्याचं तीन वर्षं वापरलेलं कार्ड विकत होता. त्याची मेमरी बारा जीबी होती. आपल्या रकमेत नवं घेतलं तर आठ जीबीचं मिळत होतं.

"वेग कशाचा जास्त?" मी विचारलं.

"नव्याचा, थोडासा. पण आजी—"

"जुन्याला वॉरंटी?"

"नाही."

"बिल?"

"त्याच्याकडे सापडत नाहीये म्हणाला."

मी जुन्या कार्डाच्या ओळीवर काट मारली. समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत आपण बोलू नये, हे तिला मीच इंग्रजीच्या तासाला शिकवलं होतं, आणि ती ते पाळायची. त्या 'पण'च्या पुढे काय होतं ते मी त्या दिवशी ऐकलं नाही.

दर मागवणारे ईमेल मी इंग्रजीत लिहिले. दोन दुकानांनी उत्तर पाठवलं, तिसऱ्याने फोन करून विचारलं, "मॅडम, कुठल्या कॉलेजची ऑर्डर आहे? किती पीस?" एक पीस म्हटल्यावर त्याचा आवाज उतरला. तक्ता तयार झाला, मुलीने तो वाचला, आणि खाली सही कर म्हटल्यावर तिने सहीही केली. तो कागद अजून माझ्याकडे आहे. तिची सही लहान आहे आणि माझी मोठी.

खरेदीला आम्ही तिघं वाशीला गेलो. दुकानदार तरुण होता, तीन ग्राहकांशी एकाच वेळी बोलणारा. मी तक्ता पुढे ठेवल्यावर तो बघतच राहिला.

"आंटी, टेंडर काढलंय काय?"

"लेखी असलं म्हणजे वाद होत नाहीत," मी म्हटलं.

"नाय नाय, मस्त आहे. माझ्या पप्पांना दाखवतो, ते अजून पुठ्ठ्यावर लिहितात." मग मुलीकडे वळून म्हणाला, "काय करणार यावर? गेमिंग?"

"रेंडर. पाणी आहे, रिफ्लेक्शन आहे."

"मग आठमध्ये होईल ना तुझं?" त्याने विचारलं. विकणारा माणूस असून त्याने विचारलं, हे मला त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "होईल. नवीन आहे, वेगवान आहे."

वडील इतका वेळ काचेच्या कपाटाला टेकून उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, ती बोलत व्हती तो जुना कार्ड एकदा बघून तरी येऊ. जुना म्हंजे वायटच असा नसतो. आमी जुनी गाडी घेतो तवा माल भरून घाटात नेतो. रिकामी गाडी कोनची पन चालते. भरलेली चढली का मंग पैशे."

"काका, हा डंपर नाहीये," दुकानदार म्हणाला.

आणि मी हसले. मोठ्याने नाही, पण हसले. वडीलही हसले. "तुमी सांगाल तसा," एवढंच म्हणाले, आणि खिशातून रुमालात बांधलेले पैसे काढले. जो माणूस वापरलेल्या यंत्रांवर चाळीस वर्षं पोट भरत आला त्याच्याशी मी यंत्राबद्दल बोलत होते, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. मला इंग्रजीतलं माहितीपत्रक वाचता येत होतं आणि त्यांना येत नव्हतं, एवढ्यावर मी ठरवून टाकलं होतं की जाणकार मी आहे.

मशीन घरी आलं. तिच्या आईने त्याला हळद-कुंकू लावलं, फूल ठेवलं. मुलगी ओरडली, "आई, जाळीवर नको, आत जाईल!" पुढच्या खोलीत कपाटाशेजारी टेबल मांडलं. मला पहिला मान म्हणून बटण दाबायला लावलं.

तीन महिने सगळं उत्तम चाललं. बांधावरच्या बायका, घर, तेलाची वाटी, ही दृश्यं एकामागून एक पुरी होत होती. ती मोबाईलवर आणून दाखवायची आणि मी दर वेळी मनात तक्त्याकडे बघून घ्यायचे. पाणी तिने शेवटी ठेवलं होतं.

फिल्म द्यायला अकरा दिवस उरले होते तेव्हा एका संध्याकाळी ती नेहमीसारखी वाचायला आली. एक पान वाचलं, नीट वाचलं. मग पुस्तक मिटून म्हणाली, "आजी, पाणी मावत नाहीये."

मला समजेना. तेव्हा तिने मला तो 'पण' पुरा करून सांगितला. कार्डाला स्वतःची जागा असते, तीच त्याची मेमरी. दृश्यात जे जे आहे ते सगळं, आभाळ, पाणी, पाण्याखालचं मीठ, बाईच्या लुगड्याची वीण, एकाच वेळी त्या जागेत बसावं लागतं. बसलं तर कार्ड काम करतं, मग ते हळू असो की भरभर. नाही बसलं तर ते हळू काम करत नाही, करतच नाही. वेग हा नंतरचा प्रश्न. तिच्या पाण्याला दहा जीबीच्या वर जागा लागत होती. तीन वर्षं जुन्या, बिल नसलेल्या कार्डात ते आरामात बसलं असतं.

"दिवाळीत तुला हे माहीत होतं?"

"नक्की नव्हतं आजी. वाटत होतं. कॉलेजच्या सरांनी पण सांगितलेलं जागा बघ म्हणून." मग ती म्हणाली, "तुम्ही एवढा तक्ता केला होता."

हे ती टोमणा म्हणून बोलली नव्हती. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

त्याआधी दोन दिवस ती आली नव्हती, त्याचं कारणही आता कळलं. ते दोन दिवस तिने पाणी हलकं करून पाहण्यात घालवले होते. सरांनी तसं सुचवलं होतं. आभाळ लहान केलं, मिठाचे कण कमी केले. तेव्हा ते मावलं, पण बघण्यासारखं उरलं नाही. "ताडपत्री अंथरल्यासारखं दिसतं," ती म्हणाली. कॉलेजातली मशीनं त्या दिवसांत सगळ्यांनाच हवी होती, मिळत नव्हती. कार्डाशिवाय, नुसत्या मशीनच्या बळावर एक चित्र काढायला पाऊण तास लागत होता. वीस सेकंदांची चारशेऐंशी चित्रं. हा गुणाकार मी तिच्यासमोर केला नाही, ती गेल्यावर केला. पंधरा दिवस येत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. वडील पुण्याची फेरी करून नुकतेच आले होते, दारातल्या नळावर पाय धूत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं की चूक माझी आहे, तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं. आणि म्हटलं, इंटरनेटवर भाड्याने मोठी मशीनं मिळतात, तिचं काम त्यांच्यावर पाठवता येईल, त्याचे पैसे मी भरते.

त्यांनी पाय पुसले, आत येऊन मला खुर्ची दिली.

"नको मॅडम."

"अहो, पण माझ्यामुळे झालंय."

"तुमच्यामुले कसा? पोरीनं सही केली. मी पैशे काडून दिले. चूक आपल्या सगल्यांची झाली. पैशे देऊन ती एकट्या तुमची करू नका."

आतून तिची आई म्हणाली, "चा ठेवलाय, मॅडमना जाऊ देऊ नका." मी चहा घेतला. एवढा कडू चहा मी कधी घेतला नाही, आणि त्यात साखर नेहमीपेक्षा जास्तच होती.

मग ठरलं ते मुलीने ठरवलं. नवं कार्ड विकायचं आणि त्या पैशांत बारा जीबीचं जुनं शोधायचं. ऐरोलीच्या माणसाला फोन केला. त्याचं कार्ड दिवाळीतच गेलं होतं. नवं कार्ड तीन महिने वापरलेलं म्हणजे आता तेही जुनंच. वाशीच्या दुकानदाराने बराच दर पाडला, तरी शब्दाने दुखावलं नाही. "होतं असं, दीदी," म्हणाला. या सगळ्यात आठवडा गेला. त्या आठवड्यात ती रोज कॉलेज सुटल्यावर दुकानं हिंडत होती आणि मी रोज फोन हातात घेऊन बसत होते. शेवटी एका दुरुस्तीच्या दुकानात, तळघरात, तिला हवं होतं तसं कार्ड मिळालं. फिल्म द्यायला चार दिवस उरले होते.

त्या दुकानात आम्ही पुन्हा तिघं गेलो. मी काही बोलायचं नाही असं स्वतःला बजावून गेले होते. प्लास्टिकच्या स्टुलावर बसले आणि पर्स मांडीवर धरली. मुलीने पेनड्राइव्हवर पाण्याचं दृश्य आणलं होतं. दुकानदाराने कार्ड त्याच्या मशीनमध्ये बसवलं, स्क्रीनवर काहीतरी झळकवलं आणि म्हणाला, "बघा, चालू आहे. देऊ पॅक करून?"

"चालू हाय ता दिसतंय," वडील म्हणाले. "आता भरून चालव. हिचा पानी लाव त्याच्यावर."

"किती वेळ?"

"घाट चढंपरेंत."

"काका, घाट म्हणजे?"

"एक तास. आमी बसतो."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, बहुतेक मी शहाण्यासारखं काही बोलेन म्हणून. मी खाली बघितलं. मुलीने दृश्य लावलं. पंखे जोरात फिरू लागले. वडील मशीनच्या बाजूला उकिडवे बसले, मागून येणाऱ्या गरम हवेत तळहात धरला, आणि डोळे मिटून ऐकत राहिले. पंधरा मिनिटांनी पहिलं चित्र पुरं झालं. स्क्रीनवर आभाळ होतं, ते पाण्यातलं आहे हे कळायला मला क्षणभर लागलं. वडिलांनी डोळे उघडले नाहीत. दुसरं चित्र झालं. तिसरं झालं. चौथ्याच्या वेळी ते उठले, गुडघे झटकले.

"आवाज बदलला नाय. गरम झाला पन तितलाच ऱ्हायला. घे."

हे मी दिवाळीत पाहू शकले असते. ऐरोलीला जायला रिक्षाने वीस मिनिटं लागतात.

एका चित्राला पंधरा मिनिटं. चार दिवसांतला शेवटचा दिवस आवाज जोडायला आणि फिल्म जमा करायला हवा होता. उरले तीन दिवस. मशीन एक मिनिट न थांबता चाललं तरी बाराच सेकंदं होणार होती, वीस नाही. आठ सेकंदं सोडायची होती, आणि कुठली सोडायची हे तिला त्याच संध्याकाळी ठरवायचं होतं, कारण मशीन सुरू करायला हवं होतं.

ती टेबलापाशी बसली. आम्ही कुणी सुचवलं नाही. मग तिने सुरुवातीची आठ सेकंदं सोडली. बाई नुसती उभी आहे आणि काहीच होत नाही, ती. "फावडं तर टाकायलाच हवं," ती म्हणाली. "नाहीतर शेवटच नाही." तिचं बरोबर होतं. पण ती आठ सेकंदं बघणाऱ्याने पाण्यात आभाळ पाहावं आणि त्याची सवय करून घ्यावी यासाठी होती. ती गेल्यावर बाई येते आणि लगेच फावडं टाकते.

फिल्म दाखवायच्या आणि निकालाच्या दिवशी प्रत्येक मुलाबरोबर आई-वडिलांना जाता येत होतं. मी घरीच होते. जेवण झाल्यावर वडील एकटेच आले आणि दारातच सांगितलं, "पास झाली. पन घेतला नाय." म्हणजे स्टुडिओवाल्यांनी.

मग बसले आणि सगळं सांगितलं. फिल्म लोकांना आवडली, एका बाईंनी तेलाच्या वाटीचं दृश्य पुन्हा लावायला सांगितलं. स्टुडिओतून आलेल्या एका माणसाने मात्र विचारलं की एवढी सावकाश चाललेली फिल्म शेवटी घाईत का संपते? शेवट कळायच्या आत निघून जातो. खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. ती उभी राहिली आणि म्हणाली की शेवट मोठा होता, पण माझी हार्डवेअरची निवड चुकली आणि मला वेळेत पुरा करता आला नाही.

"इंग्रजीत बोलली," वडील म्हणाले. "तुमी शिकवलेला तसा. एक अक्शर अडलं नाय."

माझं नाव तिने घेतलं नाही. घ्यावं असं कुणालाच वाटलं नसतं, आणि परीक्षकांना त्याचं काय. पण 'माझी निवड' हे खरं नव्हतं. निवड माझी होती. तिने दिवाळीत बरोबर कार्ड शोधून माझ्यासमोर ठेवलं होतं आणि मी त्याच्यावर काट मारली होती. तिथे हे म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून इथे लिहून ठेवते आहे. ती आठ सेकंदं असती तर तिला घेतलंच असतं असं मी म्हणत नाही, मला ते माहीत नाही. कधी कळणारही नाही. तुम्ही मोठे झालात की मला समजावाल, आजी, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. तुमच्या बाबाचं ते आधीच समजावून झालं आहे.

नंतरच्या सोमवारपासून ती ऐरोलीला जाऊ लागली. दुपारची पाळी, गळ्यात ओळखपत्र. माझ्याकडे आता फक्त रविवारी येते. मशीन घरी आहे, आणि ती कामावर गेल्यावर ते मोकळंच असतं, म्हणून तिने राहिलेली चित्रं लावून ठेवायला सुरुवात केली. घाई नव्हती. मध्ये वीज गेली, मध्ये आईने झाडताना वायर ओढली, आणि तरी दहा दिवसांत वीस सेकंदं पुरी झाली.

त्या दिवशी तिने मला सकाळी बोलावलं. वडील घरी होते. आम्ही तिघं टेबलासमोर बसलो, आई दारात ओल्या हातांनी उभी होती. मुलीने फक्त तेवढंच दृश्य लावलं, आवाजाशिवाय. पाणी होतं, त्यात आभाळ होतं, कडेला बाई उभी होती. काहीच होत नव्हतं. आठ सेकंदं इतकी मोठी असतात हे मला ठाऊक नव्हतं. मग फावडं पाण्यात गेलं.

संपल्यावर वडील म्हणाले, "माजी आई थांबायची. पयला फावडा टाकायच्या आदी. आमी पोरा बांधावरना ओरडायचो, चल ना गो, टाक ना. तरी थांबायची." मग मुलीला विचारलं, "तुला कुनी सांगितला?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "मला वाटलं थांबत असेल."

त्यांनी पुन्हा लाव म्हटलं. तिने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावताना तिने घड्याळ पाहिलं, आणि दृश्य चालू असतानाच उठून डबा भरायला आत गेली.